धडा शेवटच्या पानापासून लिहावा

किशोरवयीन मुलांना शाळेत मानसिक आरोग्य शिकवण्याचं साहित्य दुसऱ्या भाषेतून आणलं, की त्याचं ‘आपलं रूप’ करण्याचं काम बहुतेक वेळा पहिल्या पानापासून सुरू होतं. गोष्टीतल्या एमिलीची अमृता होते, चित्रातल्या मुलांचे केस काळे होतात, गणवेश बदलतो. मधल्या पानांवर अनुवादक शब्दकोशाशी झगडतो. शेवटच्या पानावर मात्र कुणी फारसं रेंगाळत नाही. तिथे मूळ पुस्तिकेतली दोन वाक्यं जशीच्या तशी उतरतात: ‘विश्वासू मोठ्या व्यक्तीशी बोला. गरज वाटल्यास समुपदेशकाची मदत घ्या.’ खाली एक फोन नंबर असतो.

सगळ्या धड्याचा भार याच दोन वाक्यांवर असतो. लक्षणं, मेंदू, ताण, मैत्री वगैरे आधीची पानं मुलाला इथवर आणण्यासाठीच लिहिलेली असतात. आणि समाजासमाजात सर्वांत जास्त फरक असतो तोही नेमका इथेच: मूल कुणाला सांगू शकतं, सांगितल्यावर ती व्यक्ती काय करते आणि त्याची किंमत कुणाला मोजावी लागते. म्हणून माझा आग्रह आहे की रूपांतर उलट्या दिशेने करावं. आधी शेवटचं पान नक्की करावं, मग त्याला पेलवेल एवढाच धडा वर रचावा. केस काळे करण्याचं काम शेवटी केलं तरी चालेल.

सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात ही विभागणी नवी नाही. केन रेस्निकॉ आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली रूपांतराचे दोन थर सांगितले: वरवरचा थर म्हणजे भाषा, चित्रं, नावं, पेहराव, खोल थर म्हणजे माणसं आजाराचं कारण काय मानतात, कुणाचा शब्द मानतात, कशाची लाज धरतात. त्याआधी, १९९५ मध्ये, ग्विलेर्मो बर्नाल आणि सहकाऱ्यांनी उपचारपद्धतींसाठी आठ बाबींची चौकट मांडली होती. त्यात भाषा ही आठांपैकी एक. उरलेल्या सात म्हणजे व्यक्ती, रूपकं, आशय, संकल्पना, उद्दिष्टं, पद्धती आणि संदर्भ. शालेय साहित्याचं रूपांतर करणाऱ्या समित्या भाषेवर सहा महिने घालवतात आणि उरलेल्या सातांना एक बैठक देतात.

शेवटच्या पानावर काय असायला हवं ते आधी पाहू. ‘मोठ्या व्यक्तीशी बोला’ हे वाक्य लिहिण्याआधी चार गोष्टी कागदावर हव्यात. पहिली, त्या शाळेतल्या एक-दोन माणसांची नावं. पदं लिहून भागत नाही. दुसरी, ती माणसं कोणत्या वेळी, कुठल्या खोलीत भेटतील. त्या खोलीचं दार मुख्याध्यापकांच्या कचेरीसमोर उघडत असेल, तर खोली बदलावी. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या दारातून आत जायला कुठलाही चौदा वर्षांचा मुलगा धजावत नाही. तिसरी, मूल बोललं की पहिल्या दोन मिनिटांत मोठ्याने काय म्हणायचं आणि काय म्हणायचं नाही. ‘बरं झालं सांगितलंस’, ‘कधीपासून असं होतंय?’, ‘स्वतःला इजा करावी असं मनात येतं का?’ एवढी तीन वाक्यं पाठ असली तरी पुष्कळ होतं. ‘यात काय एवढं’, ‘तुझ्या वयात आम्ही’ आणि ‘आईवडिलांचा तरी विचार कर’ ही तीन वाक्यं तोंडातून निघता कामा नयेत, आणि सवयीने नेमकी तीच निघतात. चौथी गोष्ट, तिथून पुढे मूल कुणाकडे जाईल आणि किती दिवसांत.

गुप्ततेचं वाक्यही इथेच ठरतं. ‘तू सांगितलेलं मी कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देणं चूक आहे, कारण ते पाळता येत नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल, तर पुढे सांगावंच लागतं. हे तीन अपवाद संभाषणाच्या सुरुवातीला सांगायचे असतात. मुलाने सगळं ओतून टाकल्यावर सांगितले, तर ते त्याला दगा दिल्यासारखं वाटतं. आईवडिलांना सांगायची वेळ आलीच, तर कसं आणि कुणापुढे सांगायचं हे मुलालाच विचारावं. घरात एकाला कळलं म्हणजे सगळ्या नातेवाइकांना कळलं, अशी जिथे रीत असते तिथे हा प्रश्न शिष्टाचाराचा राहत नाही. त्यावर मूल पुन्हा कधी तोंड उघडेल की नाही हे अवलंबून असतं.

मग येतो साधा हिशेब, जो कुणी करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ या वयोगटात सातपैकी एकाला कुठला ना कुठला मानसिक विकार असतो. ४० मुलांच्या सहा वर्गांत एकाच आठवड्यात हा धडा घेतला तर २४० मुलांमध्ये साधारण ३४ मुलं अशी निघतील. त्यातली निम्मी पुढे आली तरी १७. समुपदेशक आठवड्यातून एक दिवस येतो आणि दिवसाला सहा मुलांशी नीट बोलतो असं धरलं, तर शेवटच्या मुलाची पहिली भेट तिसऱ्या आठवड्यात होईल, तीही आधीच्या कुणालाच दुसरी भेट दिली नाही तर. धीर करून आलेल्या मुलाला ‘नंतर ये’ ऐकावं लागलं, की त्याच्यापुरता धडा खोटा ठरतो आणि ही बातमी मधल्या सुट्टीत वर्गभर होते. म्हणून दोन वर्ग एका आठवड्यात घ्यावेत आणि पुढच्या दोन वर्गांआधी दोन-तीन आठवडे मोकळे सोडावेत. समुपदेशक मुळीच नसेल, तर धड्यातून विकारांची ओळख काढून टाकावी आणि झोप, भांडणं, मित्राला साथ देणं एवढंच शिकवावं. पोकळ आश्वासनापेक्षा छोटा धडा बरा.

धडा कोण घेतो यावरही खूप अवलंबून असतं. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम ७०हून अधिक माध्यमिक शाळांत तपासला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. आशय एकच होता. काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या पण मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी राबवला, काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी. समुपदेशक होते तिथे शाळेतलं वातावरण स्पष्टपणे सुधारलं, नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत मात्र नेहमीच्या शाळांपेक्षा फरक दिसला नाही. शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ लावायची घाई करू नये. ज्यांच्या हातात गुण, हजेरी आणि घरी पाठवायची चिठ्ठी असते, त्यांच्यापुढे मन मोकळं करायला सांगणं हीच मुळात विचित्र मागणी आहे. शिवाय त्यांच्यावर कामाचा बोजा आधीच असतो. बर्नाल यांच्या यादीतली ‘व्यक्ती’ ही बाब ती हीच.

आता शब्दांकडे येऊ. शेवटचं पान ठरलं की शब्दांची निवडही बदलते. प्रत्येक शब्दाला मग एकच प्रश्न विचारायचा: हा शब्द तोंडात घेऊन मूल त्या खोलीपर्यंत जाईल का?

मराठीचंच पाहा. परभाषेतल्या पुस्तिकांत ‘बाउंडरीज’ हा मोठा लाडका विषय असतो: आपल्याला नको असेल ते नको म्हणावं, स्वतःभोवती रेषा आखावी. अनुवादात त्याचं सरळ ‘मर्यादा’ होतं. मराठीत मर्यादा सांभाळायची असते ती बहुधा मुलींनी आणि धाकट्यांनी. ती दुसऱ्यांनी आखून दिलेली असते. ‘आपल्या मर्यादा ओळखा’ हे शीर्षक वाचून मुलगी उलटाच धडा शिकते. तिथे ‘मला काय चालेल, काय नाही’ असं लांबलचक पण सरळ वाक्य घालावं. ‘विश्वासू व्यक्ती’ची गत तशीच. विश्वासू म्हणजे आपल्याशी इमान राखणारा, बहुधा हाताखालचा. मुलाला हवा असतो तो विश्वासातला माणूस. ‘डिप्रेशन’ला नैराश्य म्हटलं की सामना हरल्यावर निराश होणं आणि दोन आठवडे अंथरुणातून उठावंसं न वाटणं ही दोन्ही एकाच शब्दात बसतात. ‘मानसिक’ या शब्दाची तर वेगळीच अडचण आहे. ‘मेंटल’ आणि ‘सायको’ या वर्गातल्या शिव्या आहेत. वेळापत्रकात तासाला ‘मानसिक आरोग्य’ असं नाव दिलं, की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत कोण मेंटल याची चर्चा आधी होते.

यातली सर्वांत खोल अडचण एका अगदी साध्या क्रियापदात आहे. विचार आणि भावना वेगळ्या ओळखायला शिकवणं हा अशा कार्यक्रमांचा पाया असतो, कारण विचार तपासून पाहता येतो, भावना नाही. मराठीत दोन्हीला आपण ‘वाटणं’ म्हणतो. ‘मला वाटतं मी नापास होणार’ हा विचार. ‘मला भीती वाटते’ ही भावना. तक्त्यात एका रकान्यावर ‘तुम्हाला काय वाटलं?’ आणि दुसऱ्यावर ‘तुम्ही काय विचार केला?’ असं छापलं, की मुलं दोन्हींत एकच उत्तर लिहितात आणि शिक्षकाला वाटतं, मुलांना समजलं नाही. समजलेलं असतं, रकाने चुकलेले असतात. त्याऐवजी पहिल्या रकान्यात ‘मनात कोणतं वाक्य आलं?’ आणि दुसऱ्यात ‘अंगात काय झालं?’ असं विचारून पाहावं. छातीत धडधडलं, पोटात गोळा आला, घशाशी आवंढा आला, हात गार पडले. दुसरा रकाना लगेच भरतो. भावनेचं नाव त्यानंतर विचारलं तरी चालतं.

शरीराची ही वाट कमी प्रतीची आहे, असा एक समज पुस्तकी वर्गात अजून आहे. म्हणजे ज्याला ‘मी चिंताग्रस्त आहे’ म्हणता येतं तो पुढारलेला, आणि ज्याचं डोकं दुखतं तो मागासलेला. मानववंशशास्त्रज्ञ मार्क निक्टर यांनी १९८१ मध्ये कर्नाटकातल्या दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या स्त्रियांविषयी लिहिताना दाखवलं होतं की दुःख व्यक्त करण्याची प्रत्येक समाजाची आपली भाषा असते, आणि जिथे उघड तक्रार करता येत नाही तिथे उपास, आजारपण, स्वच्छतेचा अतिरेक अशा वाटांनी ते बाहेर येतं. किशोरवयीन मुलांनाही उघड तक्रारीची सोय नसते. डोकं दुखतंय म्हणून दर आठवड्याला घरी जाऊ पाहणारं मूल त्याला उपलब्ध असलेली भाषाच बोलत असतं.

स्थानिक शब्द घेतला की काम कसं सोपं होतं याचं उत्तम उदाहरण झिंबाब्वेत आहे. २००६ मध्ये हरारेत मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून आजीच्या वयाच्या आरोग्यसेविकांनी समुपदेशन करण्याचा उपक्रम सुरू केला. तिथे ‘डिप्रेशन’ऐवजी शोना भाषेतला ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द वापरला गेला, अर्थ, अतिविचार. बाकालाही मैत्रीचा बाक म्हटलं गेलं. हा उपक्रम प्रौढांसाठी होता, पण त्यातली युक्ती शाळेलाही लागू पडते: लोक ज्या शब्दाने आधीच दुखणं सांगतात, तोच दारावर लिहायचा. नेपाळमध्ये ब्रँडन कोर्ट आणि इयन हार्पर यांनी २००८ साली ‘मन’ आणि ‘दिमाग’ यांतला फरक नोंदवला. मनाचा त्रास कुणालाही होऊ शकतो. दिमाग बिघडला म्हणजे माणूस कामातून गेला. आता विचार करा, ‘मानसिक आजार हा मेंदूचा आजार आहे’ हे परभाषेत दिलासा देणारं वाक्य अशा ठिकाणी जसंच्या तसं गेलं तर काय होईल. ज्या देशांत ते वाक्य जन्मलं तिथेही त्याची दुसरी बाजू दिसली आहे. जैविक कारण सांगितलं की रुग्णाला दोष देणं कमी होतं, पण ‘हा आता बरा होणार नाही’ ही भावना वाढते, असं २०१३ मध्ये अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात आढळलं.

रूपक सोपं असलं म्हणजे बरोबर असतं असंही नाही. जपानमध्ये २००० सालाच्या आसपास डिप्रेशनला ‘मनाची सर्दी’ म्हणण्याची लाट आली. लाज कमी झाली, लोक दवाखान्यात येऊ लागले. पण सर्दी चार दिवसांत जाते आणि तिच्यासाठी कुणी तुमच्या कामाचे तास बदलत नाही. ज्यांचं दुखणं महिनोन्‌महिने हटलं नाही त्यांच्या वाट्याला हेच रूपक टोचणी बनून आलं. म्हणून रूपक निवडताना ते आजाराच्या शेवटापर्यंत चालवून पाहावं. हाड मोडण्याचं रूपक काही अंशी टिकतं, कारण त्यात आधार, वेळ आणि थोडं दुखत असतानाच पुन्हा हालचाल हे तिन्ही येतं.

गोष्टींतल्या प्रसंगांबाबत एवढंच सांगतो की नाव बदलून प्रसंग बदलत नाही. परक्या पुस्तिकेतली मुलगी आईला म्हणते, ‘तू असं बोललीस की मला दुखावल्यासारखं वाटतं’, आणि आई तिला जवळ घेते. जिथे धाकट्याने असं बोलणं उद्धटपणात मोडतं, तिथे या संवादाचा सराव करून घेणं म्हणजे मुलीला घरी मार खायला पाठवणं. त्याऐवजी ‘रात्री झोप येत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, मला डॉक्टरांकडे न्याल का?’ हे वाक्य सरावासाठी द्यावं. त्यातही मध्ये कुणी तरी घालता येतं: मावशी, मोठा भाऊ, आजोबा. मध्यस्थाकरवी बोलणं हा पळपुटेपणा मानायचं कारण नाही. कित्येक घरांत तीच बोलण्याची रीतसर पद्धत असते.

इथवर वाचून एखादा संस्थाचालक खूश होईल आणि म्हणेल, ‘बरोबर. आपल्या संस्कृतीत बसत नाही ते काढून टाका.’ आणि यादीत पहिलं नाव आत्महत्येचं येईल, मग लैंगिक अत्याचाराचं, मग समलिंगी आकर्षणाचं. रूपांतराच्या नावाखाली होणारं सर्वांत मोठं नुकसान हे आहे, अनुवादाच्या चुकांपेक्षा कितीतरी मोठं. ‘आमच्याकडे हे चालत नाही’ असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा विचारावं की कुणाकडे? शिक्षकांकडे, पालकांकडे की चौदा वर्षांच्या मुलांकडे? त्यांची संस्कृती या दोघांहून वेगळी असते आणि बैठकीला त्यांना कुणी बोलावलेलं नसतं.

आत्महत्येविषयी विचारलं तर नसता विचार डोक्यात येईल, ही भीती प्रामाणिक आहे, पण ती तपासून झालेली आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना प्रश्नावलीत आत्महत्येविषयी विचारलं, निम्म्यांना नाही. विचारलेल्या मुलांमध्ये अस्वस्थता किंवा तसे विचार वाढले नाहीत. कसं बोलावं याला मात्र बंधनं आहेतच: पद्धत आणि जागा सांगू नये, एकच कारण चिकटवू नये (‘नापास झाला म्हणून’), मृत्यूला त्याग किंवा सुटका म्हणू नये. ही बंधनं कुठल्याही भाषेत तीच राहतात. तेव्हा रूपांतराला हात घालण्यापूर्वी दुसरी एक यादी करावी: काय बदलायचं नाही. धोक्याची लक्षणं, आत्महत्येविषयी थेट प्रश्न, गुप्ततेचे तीन अपवाद, मदतीची साखळी. या यादीवर समितीतल्या प्रत्येकाची सही घ्यावी. पुढे दबाव येतो तेव्हा ती सही उपयोगी पडते.

उलट बाजूचा आक्षेप जास्त वजनदार आहे. तपासून सिद्ध झालेला कार्यक्रम बदललात तर तो सिद्ध राहतो का? ‘सेली’ हा अभ्यास युरोपीय संघातल्या १० देशांत, १६८ शाळांत, ११,११० मुलांवर झाला. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. तीन उपाय ताडून पाहिले होते: शिक्षकांना धोका ओळखायला शिकवणं, तज्ज्ञांकरवी मुलांची चाळणी, आणि मुलांबरोबर चार आठवड्यांत पाच तासांचा ‘याम’ हा कार्यक्रम, ज्यात तीन तास भूमिका करून पाहण्याचे. वर्षभरानंतर आत्महत्येच्या प्रयत्नांत ठळक घट दिसली ती फक्त ‘याम’मध्ये, तुलनेच्या गटात १.५१ टक्के, ‘याम’मध्ये ०.७० टक्के. दहा देशांत आराखडा एकच होता, हे आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. पण त्या आराखड्यातला सर्वांत मोठा तुकडाच असा होता की मुलं आपल्या आयुष्यातले पेच मांडतात आणि करून बघतात. म्हणजे रूपांतराचं काम समितीने न करता वर्गाने केलं. तेव्हा कार्यक्रम निवडतानाच विचारावं की त्यात मुलांनी भरायची मोकळी जागा किती आहे. जिथे सगळं छापील आहे, तिथे रूपांतर करून करून दमायला होतं.

आणि सगळं करूनही कार्यक्रम निष्फळ ठरू शकतो, हे मान्य करायला हवं. ब्रिटनमधल्या ‘मिरियड’ या मोठ्या चाचणीत ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांपैकी सुमारे निम्म्यांना सजगतेचं (माइंडफुलनेसचं) शिक्षण देऊन पाहिलं. २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा नेहमीच्या शिक्षणापेक्षा काही फायदा दिसला नाही. तिथे तर भाषाही परकी नव्हती. मुलांना रोज आपल्या मनाकडे बघायला लावल्याने काहींना साधी उदासीही आजार वाटू लागते का, ही शंका आता गंभीरपणे विचारली जाते. त्यामुळे धड्यात ‘हे त्रास नेहमीचे, हे मदत मागण्याजोगे’ अशी रेषा स्पष्ट हवी: किती दिवस टिकलं, झोप-जेवण-अभ्यास-मित्र यांतलं काय काय मोडलं.

छापण्याआधीची तपासणी खर्चिक नसते. दोघांनी स्वतंत्रपणे अनुवाद करावा, मग एकत्र बसून जुळवावा. उलट अनुवाद, म्हणजे मराठीतून पुन्हा मूळ भाषेत, करून पाहणं उपयोगी, पण अपुरं. ‘मर्यादा’चा उलट अनुवाद अगदी बरोबर येईल आणि चूक तशीच राहील. ती चूक मुलंच पकडतात. आठ-दहा मुलामुलींना एकेकटं बसवून प्रत्येक वाक्यावर तीन गोष्टी विचाराव्यात: हे तुझ्या शब्दांत सांग, हे वर्गात मोठ्याने वाचलं तर कोण हसेल, यात सांगितलंय तसं तू केलंस तर त्या संध्याकाळी घरी काय होईल? मुली, मुलगे, परगावाहून आलेले, घरी दुसरीच भाषा बोलणारे असे सगळे त्या दहांत असावेत, कारण एका वर्गात एकच संस्कृती कधीच नसते. त्यांच्या हातात लाल पेन द्यावं. पहिल्या फेरीत शब्द खोडले जातील, दुसऱ्या फेरीत प्रसंग. तिसऱ्या प्रश्नावर मुलं गप्प बसली, तर छपाई थांबवून शेवटचं पान पुन्हा काढावं आणि त्यावर लिहिलेली माणसं खरंच भेटतात का, हे एका मंगळवारी, मधल्या सुट्टीत, न कळवता जाऊन बघावं.